पांढुर्ण्याचा चढ आणि मामीने बोललेला नवस

नागपूर सपाट आहे. त्यामुळे आम्ही हौशी धावणारे सपाटीवर वाघ आणि चढ दिसला की शेळी. तरीही मी घाटातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवून बसले होते. रविवारच्या रात्रीपर्यंत नोंदणी बदलून दहाची करता येणार होती. मैत्रिणी दहाच धावणार होत्या. मी ठरवलं, एक मोठा चढ न थांबता, न चालता धावले तर एकवीस, नाहीतर मुकाट्याने दहा. चढ कुठे मिळणार? मामाकडे, पांढुर्ण्याला.

शुक्रवारी बँकेतून थेट स्टेशन गाठलं. इटारसीकडे जाणारी गाडी दोनेक तासांत पोचवते, तिकीट किरकोळ. मामीने पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली. उद्या पळायचंय म्हणून बेताने जेवीन म्हटलं, पण त्या रश्श्यापुढे माझं काही चाललं नाही.

शनिवारी सकाळी मामाने स्कूटरवरून टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. तिथे एक चहाची टपरी, पुढे अडीचेक किलोमीटर वळणावळणाचा चढ. डांबर चांगलं आहे, कडेला गिट्टी सुटलेली, तेवढं जपा. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, फांद्यांना बांबूचे टेके दिलेले, आणि थंडीत त्या फळांचा वास. असा सरावाचा रस्ता पैसे मोजून मिळणार नाही!

पण इथे एक अडचण आहे, ती कुठल्याच सरावाच्या पुस्तकात नाही. या भागात एकटं माणूस चढावर पायी दिसलं की गाडी थांबवून विचारायचंच, अशी रीत आहे.

"गाडी बिगडली का वं बाई?" पहिल्या वळणावर एक मोटरसायकलवाले काका.

"नाही काका, पळतेय."

"तं पळून काहून राहिली? बस मांगं, सोडून देतो."

हात हलवून पुढे जावं, तर ते शेजारी गाडी हळूहळू चालवत राहिले. मामाच्या गावात उद्धटपणा कसा करणार? थांबले, समजावलं. मग दूधवाला. मग कापूस वेचायला निघालेल्या बायांचा ऑटो, त्यांनी तर सरकून जागाही केली. वर पोचेपर्यंत तीन वेळा थांबले होते. खरं सांगायचं तर शेवटच्या दोन वेळा मला बरंच वाटलं. चढ आला की माझा धीर आधी सुटतो, पाय नंतर.

घरी येऊन कुरकुरले. मामी निवृत्त शिक्षिका, वर्ग शांत करायची सवय. म्हणाली, "मी पाहून घेतो."

रविवारी ती स्वतः टपरीवर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीचा नवस हाय जामसांवलीच्या मारुतीचा. न थांबता चढाचं हाय. कोणी टोकू नका."

मी तोंड उघडणार तोवर मामीने पाठीवर थाप मारली. "पळ!"

खबर माझ्याआधी टेकडी चढली. मोटरसायकली बाजूने हळू जात होत्या. कालच्या काकांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही, नुसते हात जोडले. मला ओशाळल्यासारखं झालं. शेवटच्या वळणाआधी मात्र छाती फुटायला आली. लहान पावलं, नजर जवळ, सगळं करून झालं. आता चालायचंच, असं ठरवलंही. तेवढ्यात कपाशीच्या शेतातून एक म्हातारी बांधावर आली. कमरेला कापसाची ओटी, हात जोडलेले.

"माह्या नातीचंही सांगजो वं मारुतीले. लय दिवसाची बिमार हाय."

बोलायला श्वास नव्हता. मी मान हलवली, आणि मग थांबता येईना. तिच्यासमोर कशी थांबणार होते? रडत होते की घाम होता कोण जाणे, पण वर पोचले ते धावतच.

दुपारी मामीसोबत सौंसरकडची बस धरली, पुढे शेअर ऑटो. शनिवारी-मंगळवारी जामसांवलीत तोबा गर्दी असते, रविवारी त्यामानाने सोपं. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीसमोर मी मामीला म्हटलं, "अगं, नवस तर खोटाच होता."

"खोटा कसा? चढली ना तू? आता फेड." तिने नारळ हातात दिला.

रात्री नागपुरात पोचले. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पिशवीतली संत्री टेबलावर ओतून नोंदणीचं पान उघडलं, एकवीस तसंच ठेवलं आणि बंद केलं. चढाची भीती आहेच अजून. पण सरावाला जायचं असेल तर तिकडेच जा. तिथे कुणी तुम्हाला एकटं धावू देत नाही.

मामीचा फोन आला. "मारुतीसमोर किती वेळ डोळे मिटून उभी होती! शर्यतीसाठी काय मागितलं वं?"

तेव्हा कुठे लक्षात आलं. नातीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून 'त्या वळणावरच्या आजीची नात' असं पुन्हा पुन्हा सांगत बसले होते. शर्यतीचं काही मागितलंच नव्हतं.