शेवटचा वाटा

‘समन्यायी वाटप’ हा शब्द मी कचेरीत रोज लिहायचो. त्याचा अर्थ विचारण्याचा आगाऊपणा कुणी केला नव्हता. एकदा आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झाल्यावर एक म्हातारा उकिडवा बसून मासळीचे वाटे घालत होता. एका वाट्यातला बांगडा दुसऱ्यात टाकी, मान तिरकी करून बघे, पुन्हा उचली.

“आजोबा, काटा आणा की,” मी शहाणपणा केला.

“कित्याक? जो वाटे घालता, तेना आपलो वाटो शेवटाक उचलूचो. मगे सगळे सारके होतत.”

किती ही अडाणी पद्धत! आमच्या माडांच्या बागेची भावांतली वाटणी मीच केली होती, अगदी समन्यायी. आणि विहिरीकडचा पहिला हिस्साही, थोरला म्हणून, मीच उचलला होता.