पाशाभाईंची साखळी आणि बागपट्टी

परतूरला रेल्वे फाटकापल्याड आमची बेचाळीस घरांची वस्ती होती. मी स्टेशनात पार्सल बाबू. शेजारीपाजारी मास्तर, जिनिंगमधले कारकून, एक शिंपी, दोन कंपाउंडर आणि मधोमध दुमजली घर बांधून बसलेले बद्रीनाथ शेठ. प्लॉट पाडताना मध्ये एक मोकळी जागा सोडली होती. सत्तर साली आम्ही हौसेनं तिथं बाग केली. कडुनिंब लावले, गुलमोहर लावले, पोरांसाठी झोका बसवला आणि लगेच नातेवाइकांना पत्रं लिहिताना आपल्या पत्त्यात 'बागेसमोर' असं घालायला लागलो. माझ्या घरातून बाग दिसतसुद्धा नव्हती, तरी मी घालत होतो.

बाग लावायला फारसं काही लागत नाही. तिला दर वर्षी पोसायचं म्हटलं की माणसं इकडंतिकडं बघायला लागतात. घरटी वर्षाला सहा रुपये बागपट्टी ठरली होती आणि त्यातून कडूबा माळ्याचा पगार निघायचा. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मुकाट्यानं दिले. दुसऱ्या वर्षी एका खोलीत राहणारे म्हणाले, शेठच्या माडीला सहा आणि आमच्या खोलीलाही सहा, हा कुठला न्याय? शेठ म्हणाले, मी काही झोक्यावर बसत नाही. तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला आणि न द्यायला सगळ्यांनाच चांगलं कारण मिळालं. कडूबा पोटासाठी खडी फोडायला निघून गेला. हिरवळ गेली, फुलझाडं गेली, तेरा झाडं तेवढी उरली.

ती उरली पाशामियाँमुळे. आम्ही त्यांना पाशाभाई म्हणायचो. वय साठीच्या पुढं, अंगावर मांस नावाला, चालणं मात्र असं की बरोबर निघालेल्या तरण्या माणसाला धाप लागावी. मोजणी खात्यात त्यांनी चाळीस वर्षं साखळी ओढली. आधी निजामाच्या राज्यात, मग आपल्या. साहेब आधी घोड्यावर आणि पुढं जीपमध्ये, पाशाभाई दोन्ही राज्यांत पायी. भोकरदनपासून अंबडपर्यंतचं शिवार त्यांच्या पायाखालून गेलं होतं. पिंपळगाव रेणुकाईला भर उन्हात चक्कर येऊन पडले, पण साखळीचं टोक हातातून सुटलं नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि दर वेळी ऊन थोडं वाढवून सांगायचे.

त्यांचं एकच दुखणं होतं. बांधावर आंबा असो नाही तर चिंच, साखळीवाल्यानं उभं राहायचं ते उन्हातच, कारण मोजणीची रेघ सावली बघून जात नाही. रिटायर झाल्यावर या माणसाला दुसरी काही हाव नव्हती. आपल्या दारासमोरच्या झाडाखाली बाज टाकून दुपारी पडायचं, बस्स. त्यासाठी दुष्काळात ते रोज घरोघर फिरून भांडी धुतलेलं पाणी मागून आणत आणि झाडांच्या बुडात घालत. आम्ही त्यांना हसायचो आणि पाणीही द्यायचो.

चौऱ्याहत्तर साली बद्रीनाथ शेठनी सभेत प्रस्ताव आणला की ही जागा कापसाच्या गाठी ठेवायला त्यांना भाड्यानं द्यावी. भाडं सगळ्यांत वाटून मिळेल, वर पट्टीची कटकटही जाईल. झाडं अर्थातच तोडावी लागतील. खरं सांगायचं तर आम्हा बऱ्याच जणांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पाशाभाईंनी एक संधी मागितली. घरं मोजून, ज्याच्या त्याच्या घराच्या मापानं वर्षाची पट्टी लावू. लहानाला लहान, मोठ्याला मोठी. शेवटी ठरलं की पाशाभाईंनी मोजावं. त्यांचं माप सभेनं मान्य केलं तर बाग राहील, नाही तर पुढच्या महिन्यात जागा शेठकडं जाईल.

होळीनंतरच्या रविवारी पाशाभाई खात्यानं मोडीत काढलेली जुनी साखळी खांद्यावर टाकून निघाले. साखळीची एक कडी दोनेक फुटांची. घराला वेढा घालून कड्या मोजायच्या, दर कडीला वर्षाचे चार आणे. गोठा आणि देवघर माफ. पहिलं घर त्यांनी स्वतःचं मोजलं. आणि एक नियम त्यांनी पहिल्याच घरी सांगितला, की साखळीचं दुसरं टोक घरधन्यानंच धरायचं आणि कड्या त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजायच्या. मी विचारलं, हे कशाला?

"एक टोक माझ्या हाती, एक तुमच्या," ते म्हणाले. "मंग खोटं करायचं तर दोघांनी मिळून करावं लागतं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. तीर्थपुरीकडच्या एका बड्या असामीनं दोन कड्या सरकवायला त्यांना दुभती शेळी देऊ केली होती. यांनी शेळीला कुरवाळलं आणि साखळी होती तिथंच ठेवली.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. ज्यांनी आजवर 'बागेसमोर' म्हणून मिरवलं, त्यांची घरं एका आठवड्यात आटली. कोणी ओसरीचे पत्रे उतरवून ठेवले. कोणी न्हाणीघराला तात्पुरतं म्हटलं. ते तात्पुरतं न्हाणीघर चुन्यात बांधलेलं होतं. मी नव्या खोलीत सासुरवाडीहून आणलेला कडबा भरला आणि हा गोठा आहे असं सांगितलं. पाशाभाईंनी आत डोकावून विचारलं, म्हैस कुठं आहे? मी म्हणालो, चरायला गेली. त्यांनी मान डोलावली, खोली सोडून पुढं मोजलं आणि जाताना म्हणाले, म्हैस आली की कळवा, दुधाची अडचण आहे. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेठ माझ्याही पुढं गेले. सरकी ठेवायच्या मागच्या मोठ्या खोलीत त्यांनी लक्ष्मीचा फोटो टांगला आणि तिला देवघर करून टाकलं. माडी जमिनीला टेकत नाही म्हणून तीही धरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पाशाभाई साखळी घेऊन जिना चढले आणि माडी मोजून आले. देवघराला मात्र त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

शेवटचं घर प्रभावतीबाई खरातांचं. बाई बालवाडीत शिकवायच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तापानं गेला. रेल्वेकडून मिळालेल्या पैशांत बाईंनी एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकाचं छप्पर एवढं उभं केलं होतं. दोन मुली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि दारात सारवलेलं अंगण, ज्यात पाय ठेवताना आपली चप्पल आपल्यालाच मळकी वाटावी. बालवाडीचं मानधन म्हणजे किती असणार? दुष्काळात पाशाभाईंना सगळ्यात आधी पाण्याची बादली मिळायची ती याच दारात. बाई त्यांना चाचा म्हणायच्या.

मी त्या दिवशी वही घेऊन बरोबर होतो. बाई टोक धरायला पुढं आल्या, तर पाशाभाई म्हणाले, तुम्ही चहा ठेवा, मी बघतो. त्यांनी कोपऱ्यात एक खुंटी ठोकली, दुसरं टोक तिला अडकवलं, मनाशी काही पुटपुटत वेढा घातला आणि मला सांगितलं, अठरा. मी अठरा लिहिलं. चहा फार छान होता, दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मापांची यादी मी बागेतल्या कडुनिंबाला चिकटवली. पुढच्या रविवारी सकाळी तिथंच सभा भरली. शेठ पुढच्या सतरंजीवर पाय पसरून बसले होते. मी यादी वाचायला उभा राहिलो, तेवढ्यात बायकांमधून प्रभावतीबाई उठल्या. हातात शिंप्याकडची टेप होती.

"चाचा, माझं घर परत मोजा," त्या म्हणाल्या. "अठरा कड्या न्हाईत. सत्तावीस भरतात."

सभेत कमी करून मागणारे मी खूप पाहिले होते, वाढवून मागणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. पाशाभाई जागेवरूनच म्हणाले की माप बराबर आहे, बाईंनी बसावं.

"दुसरं टोक माझ्या हातात नव्हतं, चाचा."

पाशाभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मला त्यांच्याकडं बघवेना. खोटं बोलून टाका, असं मी मनातल्या मनात त्यांना सांगत होतो. दहा शब्दांत निभावलं असतं. साखळी जुनी आहे, नजर कमी झाली आहे, कोणीही मानलं असतं.

"बाई खरं बोलून राह्यल्या," ते म्हणाले. "नऊ कड्या मी सोडल्या. चाळीस वर्षांत कोणाची एक कडी इकडची तिकडं केली न्हाई. हे पहिलंच."

शेठ ताठ बसले. ते म्हणाले, एक माप खोटं निघालं म्हणजे बाकी एक्केचाळीस मापांचा काय भरवसा? सगळी मोजणी रद्द करा आणि गाठींच्या भाड्याचं बोला. माना हलायला लागल्या.  पाशाभाई वर कडुनिंबाकडं बघत होते, आणि ते झाड हातचं गेलं असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ज्या सावलीसाठी त्यांनी आमचं खरकटं पाणी वाहिलं, ती त्यांच्याच एका चांगुलपणानं जायला निघाली होती. मला फार वाईट वाटलं, पण उठून बोलायची हिंमत झाली नाही, कारण माझ्या घरात कडबा होता.

बाई अजून उभ्याच होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या की शेठजींचं बराबर आहे, भरवसा पाहिजेच. रद्द कशाला करायचं? आजच सगळ्यांची घरं परत मोजू, सगळ्यांनी मिळून, आत जाऊन. आधी माझं, मग शेठजींचं, मग पार्सल बाबूंचं.

आत जाऊन म्हटल्याबरोबर सभा गार पडली. मला कडबा दिसला. कोणाला पत्रे दिसले असतील, कोणाला न्हाणीघर. शेठना लक्ष्मी दिसली असावी, कारण ते हळूच म्हणाले, एवढ्या उन्हात लोकांना त्रास कशाला द्यायचा. शिंपी म्हणाला, बाकीची मापं बराबरच वाटतात. कोणीतरी घाईघाईनं हात वर केला आणि मग बेचाळीस घरांचे हात इतक्या भराभर वर झाले की मोजायचं कामच उरलं नाही. पट्टी मान्य झाली. झाडं राहिली. पुढच्या आठवड्यात पाच जण आपणहून येऊन सुटलेली खोली लिहून गेले. त्यात मी पाचवा होतो, पहिला नव्हतो, हे इथं कबूल करतो.

पण त्या सकाळी बाईंनी कोणाला घरी जाऊ दिलं नाही. निदान माझं तरी आत्ता मोजा, म्हणाल्या. सगळी वस्ती त्यांच्या दारात जमली. बाईंनी पदर खोचला, दुसरं टोक धरलं आणि बालवाडीत पाढे म्हणतात तशा खणखणीत आवाजात कड्या मोजल्या. त्यांच्या मागं त्यांच्या मुलींनी मोजल्या, आणि पंधराच्या पुढं तर वस्तीतली सगळी पोरं मोजायला लागली. भरल्या सत्तावीस.

बाईंनी आतून पावणेसात रुपये आणून पाशाभाईंच्या हातावर ठेवले.  माझी नियत वाईट नव्हती, पाशाभाई म्हणाले. पोरींच्या वह्यापुस्तकांचा खर्चा डोळ्यांसमोर आला, म्हणून हात ढिला पडला.

"मला माहीत हाय, चाचा," बाई म्हणाल्या. "माझ्या आईला विहिरीवर हात लावता येत नव्हता. ती खाली ओंजळ धरून बसायची अन् लोक वरून पाणी घालायचे. तेबी दया करूनच घालायचे. माझ्या पोरी त्या झोक्यावर बसतील तेव्हा कोणाच्या दयेनं बसायच्या न्हाईत. मला बाग मोजून पाहिजे."

 शेठ आपल्या चपलांकडं बघत होते. पाशाभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बेटा, माफ कर."

"माफी नको चाचा," बाई म्हणाल्या, "पावती द्या."

पावती मी लिहिली. पाशाभाईंनी खाली उर्दूत सही केली, आणि बाईंनी ती अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली: प्रभावती खरात, कड्या सत्तावीस, बागपट्टी पूर्ण.