कारखान्याचा भोंगा

कोणतीही वस्तू हातात आली की डॉक्टरीणबाई ती आधी उलटी करून बघायच्या. कपबशी असो, छत्री असो, की रॉकेलचा स्टोव्ह. बुडाशी नाव उठवलेलं असलं तर "कंपनीचं आहे," म्हणून खाली ठेवायच्या. नसलं तर "बाहेरचं दिसतंय," म्हणायच्या आणि तेही खालीच ठेवायच्या, पण जरा लांब. नुकतं जन्मलेलं मूल त्या पाय धरून उलटं करीत आणि पाठीवर चापट मारीत, तेव्हा सुइणी आपसात म्हणत, "बाई नाव बघत्यात." हे बाईंच्या कानावर गेलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं बाहेरचं निघालं तरी मी बोलत नाही."

मी तेव्हा साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. पाळी सुरू झाली, पाळी सुटली, हे साऱ्या गावाला भोंगा वाजवून सांगायचं, एवढीच माझी या जगात सत्ता. माझ्या खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बाईंचा दवाखाना. बाई नगरहून आलेल्या, पन्नाशीच्या, एकट्या. त्या इथं का आल्या, लग्न का केलं नाही, हे प्रश्न पहिल्या वर्षी सगळ्यांना पडले. दुसऱ्या वर्षी बाळंतपणंच इतकी झाली की विचारायला कुणाला सवड राहिली नाही.

बाईंची मोटार होती. दुधाळ रंगाची, जुनी, पण आतला खिळादेखील कंपनीचा. डाव्या बाजूचा वायपर तेवढा नाइलाजानं बाहेरचा बसवलेला, त्यामुळं पावसात त्या बाजूला बसलेल्या माणसानं बाहेर पाहिलेलं बाईंना आवडत नसे.

तुमच्या गावात पहिली मोटार आलेली तुम्ही पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल की ती कधी एकट्याची नसते. बाईंच्या मोटारीला कुलूप होतं, पण ते लावायची पद्धत नव्हती. दवाखान्यात गर्दी असली की पेशंटचे नवरे मागच्या सीटवर जाऊन बसत. ऊन असलं की टपावर कुणाच्या तरी कुरडया वाळत. बाई निघताना आधी कुरडया उतरवत, मग नवरे उतरवत, मग किल्ली फिरवत. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, बाईंनाही नाही.

दुष्काळाच्या आधीच्या माघातली गोष्ट. कारखान्याचं कॅन्टीन चालवणारे आबा होते, त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ओढ्यापलीकडं त्यांच्या वस्तीवर होतं. वस्तीवर लाइट नव्हती. लग्नातला कर्णा बॅटरीवर चाले, आणि बॅटरी कुणाची, तर ज्याची मोकळी असेल त्याची. ट्रॅक्टरवाल्यांच्या बॅटऱ्या अशाच लग्नं करीत फिरायच्या. याला चोरी म्हणत नसत. सांगून नेणं हा उलट परकेपणा समजला जाई.

त्या सकाळी ऊसतोडीच्या कोप्यांवरून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवरून, एक माणूस धावत आला. पाथर्डीकडचा, बायकोला पहाटेपासून कळा, मूल अडलेलं. बाई पिशवी घेऊन मोटारीत बसल्या, किल्ली फिरवली. काही नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या जागी नुसता चौकोन. ओढ्यापलीकडून कर्ण्यावरची गाणी ऐकू येत होती. बॅटरी कुठे आहे, हे आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

मी बॅटरी आणायला सायकलवर टांग टाकेपर्यंत बाई उसाच्या एका रिकाम्या बैलगाडीत चढल्या होत्या. कोप्या पार दुसऱ्या अंगाला. बैल बैलांच्या चालीनंच गेले. आई वाचली. मूल वाचलं नाही.

दुपारी त्या परत आल्या तेव्हा बॅटरी जागेवर होती. पुसूनबिसून बसवलेली, वर हळदकुंकू, आणि सीटवर एक नारळ आणि बुंदीचा पुडा. बाईंनी पुडा उचलला, उलटा केला नाही, माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमच्या ऑफिसात वाटून टाका," म्हणाल्या. त्या गेल्या. मला त्या दिवशी बुंदी गेली नाही, आणि दुसऱ्या कुणाला दिलीही गेली नाही.

आबांना बैलगाडीवाल्याकडून कळलं. संध्याकाळी ते दवाखान्याच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. वर चढेनात.

बाईंनी विचारलं, "लग्न नीट झालं ना?"

"व्हय."

"मग झालं तर."

आबांना त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून आबा ती मोटार उभी असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे, आणि मोटारीकडं न बघता जायचे. साठीचा माणूस, गावातल्या निम्म्या लोकांना हातानं चहा पाजलेला, पण त्या रस्त्यावर तो पाहुण्यासारखा चालायला लागला.

बाईंनी ठरवलं की मोटारीला भोंगा बसवायचा. बॉनेट उघडायची कळ आतच होती, तेव्हा कुणी दार उघडलं की तो वाजला पाहिजे. आता भोंगा कुठला बसवायचा, यावर त्या उन्हाळ्यात माझ्या ऑफिसात जितका खल झाला तितका उसाच्या भावावरही झाला नसेल. पुण्याच्या मोटार-एजंटाचं म्हणणं, कंपनी स्वतःचाच भोंगा काढते आहे, थोडं थांबा. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या वायरिंगच्या मिस्त्रीचं म्हणणं, थांबायचं कारण नाही.

"कंपनीवाल्याला आपलं गाव ठावं न्हाई, बाई," मिस्त्री म्हणाला. "त्यो चोरासाठी बनिवनार. आपल्याकडं चोर कुठं हायेत? आपल्याकडं समदे घरचेच हायेत. घरच्यांना आवरायचं म्हंजी भोंगा लई जबर पायजे."

"तुमचा बिघडला तर जबाबदार कोण?"

"मी. हितंच बसलोय."

"आणि तुम्ही नसलात तर?"

मिस्त्रीनं याचा विचार केलेला नव्हता. तो म्हणाला, "मग कंपनीला बोलवा."

बाई थांबल्या. एजंट पुढच्या महिन्यात म्हणाला, मग त्याच्या पुढच्या. तेवढ्यात पाऊस आला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. शेवटी एक दिवस बाईंनी शेवगावच्या बाजारला निघालेल्या मिस्त्रीला रस्त्यातच गाठलं आणि ठणकावून सांगितलं, "हे बघा, मला आता कळ निघत नाही. तुम्हीच बसवा. पण भोंगा कारखान्याचा पाहिजे. बाहेरचा अजिबात चालायचा नाही."

बाई नगरच्या, शिकलेल्या. जिथं मोटार तयार होते तो कारखाना, असं त्यांच्या मनात. पण आमच्या भागात कारखाना म्हटलं की एकच. पोराला कारखान्यात चिकटवलं, कारखान्याची निवडणूक लागली, कारखान्याचा वास येतोय. दुसरा कारखाना जगात असेल, पण त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं.

मिस्त्री बाजार सोडून सरळ आमच्या भंगाराकडं आला. तिथं आगीच्या जुन्या बंबावरचा भोंगा पडून होता. रीतसर कारखान्याच्या साहेबांना विचारून त्यानं तो उचलला, तेलपाणी केलं, आणि बाईंच्या मोटारीत बॉनेटखाली बसवला. दारात खटका, आणि स्टिअरिंगखाली बंद करायचं बटण, खिडकीतून हात घालून आधीच दाबता येईल असं.

"कारखान्याचाच आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आईच्यान. तुमी कुनालाबी इचारा."

बाईंनी वाकून पाहिलं. खाली कंपनीचं नाव होतंच. त्याच कंपनीचा मोठा भोंगा माझ्या ऑफिसच्या छपरावर होता. दोघांचा आवाज सख्ख्या भावांचा.

दुसऱ्याच दिवशी भर पाळीत एका बाईनं सावलीला बसायला म्हणून मोटारीचं दार उघडलं. पुढं काय झालं ते मी खिडकीतून पाहिलं. गव्हाणीवर ऊस टाकणाऱ्या लोकांनी हात झटकले. बॉयलरवाल्यांनी हात धुतले. डबे निघाले, सायकली निघाल्या, आणि अख्खी पाळी माझ्यासमोरून "चला" म्हणत घरी गेली. मी ओरडून सांगत होतो की मी वाजवलेला नाही. लोक म्हणाले, कुणी का वाजवंना.

त्या वर्षी ऊस आधीच कमी, त्यात कारखाना बंद. साहेब माझ्या ऑफिसात आले ते लालबुंद होऊन. तिथून तसेच दवाखान्यात गेले. "बाई, तो भोंगा काढा."

"का?"

"तो आमच्या कारखान्याचा आहे."

"मी तोच मागितला होता," बाई म्हणाल्या. कारखाना म्हणजे कुठला, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "माझी मोटार जाग्यावर राहिली पाहिजे, साहेब. तुमची साखर थोडी थांबते. माझ्याकडचं काम थांबत नाही."

साहेबांना दोन मुलं होती, दोन्ही बाईंच्या हातची. शेवटी असं ठरलं की पाळीचा भोंगा मी दोनदा वाजवायचा. एकदाच वाजला तर तो बाईंचा. आठवडाभरात कारखान्याच्या गाढवांनासुद्धा हे पाठ झालं. एक भोंगा झाला की हातातलं काम टाकून जो तो बाईंच्या मोटारीकडं पळे. कुणीतरी बापडा दार उघडून गोंधळलेला उभा असे, त्याला सगळे मिळून नावं ठेवत आणि परत जात. मोटारीला हात लावायची गावाची सवय मोडली. बाईंनी त्याबद्दल समाधान कधी बोलून दाखवलं नाही. टपावर कुरडया नव्हत्या, मागं कुणी बसलेलं नव्हतं, आणि मला तरी ती मोटार जरा ओकीबोकी वाटायची.

पौषात आबांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी आबांनी आणि त्यांच्या भावानं तिला खाटेवर घालून ओढ्यापलीकडून आणलं. बाईंनी तपासलं. मूल आडवं होतं. "इथं होणार नाही. नगरला न्यायला पाहिजे, आत्ता," त्या म्हणाल्या आणि पिशवी भरायला वळल्या. "मोटारीत घाला तिला."

खाट मोटारीशी आली आणि थांबली. आबा दाराला हात लावीनात. मुलगी कण्हत होती, भाऊ ओरडत होता, आणि आबा मोटारीपासून हातभर अंतरावर दोन्ही हात मागं बांधून उभे.

बाई बाहेर आल्या. "काय झालं?"

"मी न्हाई हात लावायचा हिला," आबा म्हणाले. "माज्या हातानं एकदा काय झालं ते ठावं हाय मला. तुमी बोलला न्हाई, पर ठावं हाय."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं, त्या माघापासून त्यांनी आबांकडं नीट पाहिलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "आबा, दार उघडा. तुम्हीच उघडा."

आबांनी दार उघडलं. भोंगा सुरू झाला.

बाईंनी स्टिअरिंगखालचं बटण दाबलं, पण ते आत रुतून बसलं. भोंगा थांबेना. मिस्त्री गॅरेजातून धावत आला आणि त्यानं पक्कड सापडेना म्हणून वायर दातानं तोडली. तोवर बॅटरी पार बसली होती. बाईंनी किल्ली फिरवली, मिस्त्रीनं हँडल मारून पाहिलं, इंजिन नुसतं कण्हलं. कंपनीचा असो की बाहेरचा, कुठलाच भोंगा बसवला नसता तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं.

पण एक भोंगा झाला होता. गव्हाणीवरून, बॉयलरवरून, वजनकाट्यावरून माणसं आली. नावं ठेवायला आलेली माणसं, पण खाटेकडं बघून त्यांनी आधी मुलीला उचलून मागच्या सीटवर निजवलं. "धक्का," बाई म्हणाल्या. आबा सगळ्यांत मागं, मधोमध. मोटार नेवाशाच्या रस्त्याला लागली, खोकली, आणि सुरू झाली. भावानं पळत पळत आत चढून दार लावून घेतलं. आबा रस्त्यातच बसले.

संध्याकाळी नगरहून कारखान्याच्या फोनवर बाईंचा निरोप आला. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. कॅन्टीनपर्यंत निरोप मी स्वतः नेला. आबांनी ऐकलं, आणि चहाचं आधण उतू गेलं तरी ते तसेच उभे राहिले.

एजंटानं सांगितलेला कंपनीचा भोंगा पुढं खरंच आला. छान खोक्यात. बाईंनी तो मिस्त्रीच्या टेबलावर ठेवून वाजवून पाहिला. बारीक, शहाण्यासारखा आवाज होता. "हा ऐकून कोण येईल?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "पोलीस यील." जवळचा पोलीस नेवाशाला. खोकं परत गेलं. बॉनेटखाली कारखान्याचाच राहिला.

दुष्काळ सरला, आणि बाईंचे डोळे अधू झाले. टाके घालताना सुई दिसेना, तशी त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला. नगरला भावाकडं जायचं ठरलं. निरोपसमारंभ नको, हार नको, असं त्यांनी बजावलं होतं. सामान भरलं, शेजारणींना भेटल्या, आणि मोटारीचं दार उघडलं. भोंगा वाजला. बटण आधी बंद करायला त्या एवढ्या काळात कधी विसरल्या नव्हत्या. त्या दिवशी विसरले, असं त्या म्हणाल्या.

माणसं आली. सवयीनं बाह्या वर करीत आली आणि मोटारीमागं जमली. मिस्त्रीच्या नव्या बटणानं भोंगा लगेच थांबला होता, बॅटरी ठणठणीत होती, इंजिन एका किल्लीत सुरू झालं होतं. तरी आबांनी डिकीवर हात टेकले. मग बाकीच्यांनी. मीही ऑफिस तसंच टाकून गेलो.

मोटार माणसांच्या चालीनं निघाली. थोडं अंतर गेल्यावर बाईंनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"अहो आबा, चालू आहे गाडी."

"ठावं हाय," आबा म्हणाले, आणि ढकलत राहिले.