वाळवीने खाल्लेल्या आठ नोटा

मी चारकोपला बँकेत कॅशियर आहे. आज एक मावशी वाळवीने खाल्लेल्या पाचशेच्या आठ नोटा घेऊन आल्या. नवऱ्याच्या डायलिसिसला पैसे हवे होते.

प्रत्येक नोट अर्धीअधिक शिल्लक होती. नियमाने अर्धे पैसे मिळतात. पण माझी जेवायची वेळ झाली होती.

"हा कचरा आहे, मावशी. चालणार नाही."

"अरे, पण नोटेवर वचन लिहिलंय ना, पैसे देईन म्हणून?"

"मग लिहिणाऱ्याकडे जा ना!" मी म्हणालो. रांग खदखदून हसली.

तासाभराने बँकेबाहेर बसून फाटक्या नोटा विकत घेणारा दलाल त्याच नोटा घेऊन आला. "म्हातारीला तीनशे टेकवले," तो हसत म्हणाला. मी त्याला दोन हजार दिले.

घरी बायकोने विचारलं, "कसा गेला दिवस?"

"झकास," म्हणालो. तुम्ही काय सांगितलं असतं?