डावीकडचं स्टिअरिंग

आइसलँडला नऊ दिवस गाडी मी चालवली, यावर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अजून कुणाचा विश्वास बसत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू फोटो बघूनही म्हणाल्या, "स्टिअरिंगवर बसून फोटो काय, कोणीही काढतं गं." त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. तोवर माझी धाव घरापासून काटई नाक्यापर्यंत, तीही रविवारी सकाळी, आणि शेजारी नवरा असेल तरच.

त्या देशाचं वेड मुळात ह्यांचं. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ह्यांची अख्खी नोकरी शेड जुळवण्यात गेली. कापडाचे दोन तुकडे खिडकीशी धरायचे, मान जरा तिरकी करायची आणि सांगायचं, "लालसर मारतोय. पुन्हा करा." पुढे मशिनं आली, तरी अडलं की साहेब लोक ह्यांनाच बोलवायचे. कधीतरी कुणाच्या तरी कॅलेंडरवर ह्यांनी एक चित्र पाहिलं: काळी वाळू आणि तिच्यावर निळ्या बर्फाचे तुकडे. "हा निळा खोटा आहे. छापताना वाढवलाय," हे म्हणाले, आणि दुसऱ्या क्षणी, "जाऊन बघायला पाहिजे." तेव्हापासून ठरलेलं. रिटायर झालो की जायचं, गाडी भाड्याने घ्यायची, अख्ख्या बेटाला वळसा घालायचा. आणि गाडी अर्थातच हे चालवणार.

रिटायर होऊन चार महिने झाले आणि काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेलाच, आणि डाव्याचीही कडेची नजर आत आत येत चाललेली. गेलेलं परत येत नाही, आहे ते औषधांनी टिकवायचं, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. गाडी चालवणं त्याच दिवसापासून बंद. घरी आल्यावर ह्यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "ट्रिप कॅन्सल."

मला राग पटकन येतो. चार दिवस मी गप्प राहिले, पाचव्या दिवशी मात्र राहवेना. "बघायचंय कुणाला? तुम्हाला. मग तुम्ही बघा की! चालवायला मी आहे."

"तू? रिव्हर्स घेताना डोळे मिटतेस तू."

"तिकडे रिव्हर्स कमी असेल."

हे हसले. त्या आठवड्यातलं पहिलं हसू होतं ते. मग तीन महिने ह्यांनी मला असं शिकवलं, की मी शाळेत पोरांना इतकं कधी छळलं नसेन. कल्याणच्या आरटीओतून बाहेरदेशी चालणारा परवानाही काढला. नजर आहे तोवर ह्यांना तो देश दाखवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाड्या उजवीकडून, हे तिकीट काढल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये दार उघडलं तर वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतलं. दोन्ही हातांनी दार धरून उतरायचं, हा तिथला पहिला धडा. पण शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी लाव्हाचं रान सुरू झालं, तेव्हा मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. मी कळव्याच्या शाळेत भूगोल शिकवला. वर्गाच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा. त्याच्याकडे बोट दाखवून दरवर्षी एकच वाक्य म्हणायचे, "मुलांनो, हा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा." मुलं जांभया द्यायची. इथे तोच काळा खडक मैलोन् मैल पसरलेला, अंगावर बोटभर जाड मऊ शेवाळ, आणि पलीकडे जमिनीतून वाफ निघतेय, कुणीतरी खाली कुकर लावल्यासारखी. मी शेवाळावर हात ठेवला आणि खरंच सांगते, मला माझीच लाज वाटली. एवढी अफाट गोष्ट मी इतकी वर्षं किती कोरडी करून सांगत होते!

ह्यांचं वेगळंच चाललेलं. "या हिरव्यात पिवळा आहे, पण वर राखाडी फिरवलाय. हा आम्हाला कधीच जमला नसता." धबधब्याच्या तुषारांत दोघं भिजून उभे राहिलो, दशम्या आणि लसणाची चटणी काळ्या वाळूकडे बघत खाल्ली. चौथ्या दिवशी ते हिमनदीचं तळं आलं. निळ्या बर्फाचे घरांएवढे तुकडे पाण्यावर सावकाश फिरत होते. हे तासभर काठावर उभे. थंडीने माझे दात वाजायला लागले तरी हाक मारायची हिंमत होईना. परत आले आणि म्हणाले, "खरा आहे गं. छापणाऱ्याने कमीच दाखवला." ह्यांचा इतका आनंदी चेहरा मी आमच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्याच दुपारी पुढे एक पूल लागला. त्या देशात मुख्य रस्त्यावरही असे पूल आहेत, एका वेळी एकच गाडी जाईल एवढे. आम्ही या टोकाला पोचलो, पलीकडच्या टोकाला एक जुनी जीप. जीपने दिव्यांची उघडझाप केली.

"थांब!" हे ओरडले. "डिपर मारतोय."

मी कचकन ब्रेक मारला. कल्याण-शीळ रस्त्यावर समोरच्याने डिपर मारला, की त्याचा अर्थ एकच असतो: बाजूला हो, मी येतोय. आम्ही थांबलो. जीप काही येईना. मिनिटभराने पुन्हा डिपर.

"माजोरडाच दिसतोय," हे म्हणाले. "आपण अजून मागे जावं असं म्हणणं असेल त्याचं. घे मागे."

मी रिव्हर्स टाकला, डोळे उघडे ठेवून, आणि गाडी चांगली वीस पावलं मागे नेली. तरी जीप जागची हलेना. मग तिचं दार उघडलं आणि कुणीतरी उतरून पुलावरून आमच्याकडे चालत यायला लागलं.

"उतरला भांडायला," हे म्हणाले. "तू काच वर घे. मी बोलतो."

जवळ आल्यावर दिसलं, ती सत्तरीची बाई होती. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात गमबूट. पूल संपला तशी ती रस्त्याच्या उजव्या कडेला झाली, ह्यांच्या बाजूला. हसून तिने ह्यांच्याकडे हात हलवला. हे सरळ समोर बघत होते.

"कुठे गेला गं?" हे म्हणाले.

ती ह्यांच्या खिडकीशी उभी होती. मधे फक्त काच. तिने पुन्हा हात हलवला. "गेला वाटतं परत," हे म्हणाले. मग तिने काचेवर टकटक केलं आणि हे एवढे दचकले, की डोकं आपटलं वर.

तिला वाटलेलं आमची गाडी बिघडली. ती केव्हाची डिपर मारून सांगत होती, या, आधी तुम्ही या. ह्यांनी आपल्या कंपनीतल्या इंग्रजीत समजावलं, की आमच्याकडे या दिव्याचा अर्थ 'मी येतोय' असा होतो. ती खो खो हसली. म्हणाली, मग तुमच्याकडे 'तुम्ही या' हे कसं सांगतात?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "तशी वेळ येत नाही," हे म्हणाले.

ती हसत हसत परत गेली, जीपमध्ये बसली आणि पुन्हा डिपर मारला. कुणीतरी आपल्यासाठी रस्ता सोडून थांबलंय, हे मला फार आवडलं. मी हात करून पूल ओलांडला. हे तर वाटेत तो किस्सा दोनदा रंगवून सांगत होते, मलाच. मी हसत होते, पण डोळ्यांपुढे काचेशी उभी राहून हात हलवणारी ती बाईच होती. चार दिवस हे अख्खी मान वळवून खिडकीला नाक लावून बसत होते, ते कौतुकापोटी, असं मला वाटत होतं. नजरेत मावत नाही म्हणून अख्खं वळावं लागत होतं, हे मला कळलंच नव्हतं. डॉक्टरांचे शब्द मी ऐकले होते, पण नेमकं किती दिसतं, ते ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढचे दिवस मी सावकाश चालवलं, जिथे म्हणतील तिथे थांबले. शेवटच्या दिवशी एका डोंगराच्या पायथ्याशी खडीचा रस्ता लागला. आडवाटेचा, सरळसोट, नजर जाईल तिथपर्यंत एकही गाडी नाही. कडेच्या गवतात थोड्या मेंढ्या चरत होत्या. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली ह्यांच्या हातात ठेवली.

"एक किलोमीटर," मी म्हटलं. "कुणी बघत नाहीये. तुमची ट्रिप आहे."

हे उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या जागी बसले. सीट मागे सरकवली, आरसे आपल्या उंचीला लावले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर डोंगर होता, त्याच्या माथ्यावर बर्फ. खूप वेळ हे तसेच बसले. किल्ली काही फिरवली नाही. मग आरसे हळूहळू पूर्वीसारखे केले, सीट माझ्या मापाला पुढे ओढली आणि खाली उतरले.

"उजवीकडून मेंढी आली, तर मला दिसणार नाही गं," हे म्हणाले.

डॉक्टरांकडून आल्यापासून हे ह्यांनी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. मला रडू फुटलं, अगदी लहान मुलासारखं. ह्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात कोंबला.

"डोळे पूस आधी," हे म्हणाले. "दोघांतल्या एकाला तरी रस्ता नीट दिसायला हवा."