घाटघरचं मत

ऑपरेटरबाई फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणत नसत. 'बोला, ऐकतेय,' म्हणत, आणि खरोखरच ऐकत. त्यांची अख्खी नोकरी मंचरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्तीनंतर त्या कळंबला भाचीकडे राहायला आल्या, पण पाठ ताठ ठेवून फोनवर बोलायची सवय काही सुटली नाही. आवाज गोड वगैरे नव्हता, स्वच्छ होता. रागावल्या तरी ऐकत राहावंसं वाटे, आणि माझ्यावर त्या पुष्कळदा रागावत.

आमची ओळख विज्ञानकथांमुळे झाली. जुन्नर-आंबेगावातले आम्ही काही खुळे वाचकांच्या पसंतीचा एक विज्ञानकथा पुरस्कार चालवतो. दिवाळी अंक आले की सभासदांनी आवडलेल्या कथांची नावं सुचवायची. ज्या कथेला पुरेशी मतं पडतील ती अंतिम यादीत, आणि त्या यादीतून मग विजेती निवडायची. बक्षीस म्हणजे मंचरच्या भांडीवाल्या शेठनी घडवून घेतलेली पितळी ग्रहमाला. शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ भांडतात अस्सल मराठीत. मोजणी माझ्याकडे, कारण बाकी कुणालाच ती नको होती.

पूर्ण कथा वाचल्याशिवाय कुणी तिचं नाव सुचवायचं नाही, हा बाईंचा दंडक. 'लेखकाचं नाव बघून मत द्यायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत द्या,' म्हणायच्या. पण अंक सगळ्यांपर्यंत पोचत कुठे होते? म्हणून बाई फोनवर कथा वाचून दाखवत. दिवेलागण झाली की खुर्ची खिडकीपाशी ओढायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. खोडदचा एक सभासद तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांजवळ कामाला होता, तिथं मोबाइल चालत नसे. त्याला सुट्टीच्या दिवशी. शेठची नजर अधू झालेली. त्यांना दुकान वाढवल्यावर. घाटघरच्या देवरामचा नंबर सगळ्यांत शेवटी, कारण तो प्रश्न फार विचारी.

देवराम नाणेघाटात येणाऱ्या ट्रेकर मंडळींना चहा-पोहे करून द्यायचा. कुणीतरी विसरून गेलेला दिवाळी अंक त्यानं वाचला आणि आमच्यात आला. घरी एकटाच, भाताचं एवढंसं खाचर. 'बाई, गोष्ट लई भारी व्हती, पण त्या यानातल्या माणसांनी येवढी वर्सं खाल्लं काय, ते लिवलंच न्हाई,' असं काहीतरी तो बोले आणि बाई मला ते कौतुकानं ऐकवत.

एका वर्षी दिवाळीनंतर देवराम बोलेनासा झाला. फोन उचले, बाई कथा वाचत, पलीकडून नुसता वारा येई. 'घशाचं काहीतरी झालंय त्याला,' बाई म्हणाल्या. 'पण ऐकतोय. इतकी वर्षं लाइनवर बसलेय, पलीकडे माणूस आहे की नाही एवढं मला कळतं.' नावं सुचवायची वेळ आली तेव्हा त्यांनीच तोड काढली. देवरामला सांगितलं, मी एकेका कथेचं नाव घेते, जी आवडली तिच्या नावाला फोन ठेवून दे. 'दोन सूर्यांची आवणी' हे नाव घेतलं आणि फोन ठेवला गेला.

दोन सूर्यांच्या ग्रहावर भाताची लावणी करणाऱ्या बायकांची ती कथा, एका नवख्या मुलीची पहिलीच. बाईंचा तिच्यावर जीव जडला होता. मोजणी केली तर ती नेमकी देवरामच्या मतानं अंतिम यादीत आली. शेठची आवडती कथा मात्र एका मतानं बाहेर राहिली. शेठ उसळले. 'बाई, आवडत्या कथेसाठी तुम्ही न बोलणाऱ्या माणसाचं मत आणता? त्याचा आवाज तरी ऐकलात का?'

बाईंचा चेहरा एवढासा झाला. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, पण कधी कुणाचं बोलणं इकडचं तिकडे केलं नाही. अशा बाईला कुणी खोटं ठरवावं, हे मला सहन होईना. 'तू घाटघरला जा,' त्या मला म्हणाल्या. 'बोलता येत नसेल तर नुसती मान हलवू दे त्याला. पण होकार घेऊन ये.'

मी पोचलो तेव्हा दरीतलं धुकं अजून वर येत होतं. देवरामच्या दाराला कुलूप होतं. शेजारचे म्हातारबाबा गवताचा भारा टेकवून म्हणाले, 'देवराम व्हय? तो गेला की पावणं. भादव्यातच. कड्यावरनं पाय सटाकला. आमी खाली उतरलो, त्यो घावला. फोन न्हाय घावला. खिशात व्हता म्हंत्यात.'

भादवा म्हणजे दिवाळीच्या आधी. बाईंनी त्यानंतर त्याला किती कथा वाचून दाखवल्या होत्या.

तिथूनच मी देवरामचा नंबर लावला. रिंग गेली. बाबा आणि मी दरीकडे तोंड करून उभे राहिलो. खालून काहीच ऐकू आलं नाही. आणि फोन उचलला गेला. मी 'कोण बोलतंय?' विचारलं. वाऱ्याचा आवाज येत होता, आम्ही उभे होतो तिथं मात्र पान हलत नव्हतं. मी घाईघाईनं फोन बंद केला. बाबा भारा उचलून निघून गेले.

बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते, हे मला ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि देवराम गेल्याचं कळवताना बाईंनाही हेच सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, 'मत बाद कर.' हे कळल्यावर शेठ स्वतः कळंबला आले. 'राहू द्या हो बाई ते मत,' म्हणाले, 'माझी काही हरकत नाही.' बाई म्हणाल्या, 'माझी आहे. सभासद हयात पाहिजे.' त्या मुलीची कथा एका मतानं राहिली. तिला ते अजूनही माहीत नाही.

त्याच संध्याकाळी बाईंनी माझ्यासमोर घाटघरचा नंबर लावला. 'देवराम, ऑपरेटरबाई बोलतेय. तुझं मत बाद करावं लागलं रे. राग मानू नकोस. कथा मी वाचत जाईन, मताचं काही विचारणार नाही.' एवढं बोलून त्या थांबल्या. पलीकडून फोन ठेवला गेला नाही आणि बाईंनीही ठेवला नाही. बाई चष्मा पुसून अंक शोधायला लागल्या.

पुढं दोन हिवाळे त्यांनी त्या नंबरवर कथा वाचल्या. गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. आता सभासदांना मी वाचून दाखवतो. सगळ्यांना फोन झाले, पण घाटघरचा नंबर लावायला माझा हात धजेना. परवा शेवटी लावला. उचलला गेला. मी माझं नाव सांगितलं आणि यंदाची सगळ्यांत चांगली कथा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. बाईंसारखी जमली नाही, दोनदा अडखळलो. पलीकडून कुणी बोललं नाही. पण ऐकणारं एकटं होतं, असं काही मला वाटलं नाही.