सायबीण शेजारी नेली तेव्हा

माझ्या नवऱ्याचा डावा डोळा राजभाषेच्या आंदोलनात गेला. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आणि सांगितलं आहे की आता लिहितानाही उठून चहाचं आधण ठेवावंसं वाटतं. ही गोष्ट निघाली म्हणजे समोर पाहुणा असायचा आणि पाहुणा असला म्हणजे चहा मला करावा लागायचा.

आम्ही कोरगावचे, ख्रिस्ती. गोव्याच्या या पेडण्यात आमची घरं विरळ, देवळांच्या आणि काजूच्या डोंगरांच्या मधे कुठे कुठे पेरलेली. घरात आम्ही कोंकणी बोलायचो आणि मी सरकारी शाळेत पहिलीच्या मुलांना मराठी शिकवायची. तोपर्यंत यात काही विचित्र आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. नवरा सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवर टिप्पर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा. शेजारच्या घरातला माणूसही तिथेच होता. तो सावंतवाडीकडचा, हिंदू, बायकोला घेऊन आमच्या वाड्यावर येऊन राहिलेला. दोघे आठवडाभर खाणीजवळ एकाच खोलीत राहायचे, एकाच चुलीवर रांधायचे, एकमेकांना थट्टेने 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हणायचे, आणि शनिवारी लाल मातीने माखून एकत्र घरी यायचे. आंघोळ होईपर्यंत कोणता आपला आणि कोणता शेजारणीचा, हे ओळखायला जवळ जावं लागायचं.

मग ते दिवस आले. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आज यांनी रस्ता अडवावा, उद्या त्यांनी. झाडं आडवी पाडली जात, बसच्या काचा फुटत. कोणी फोडली हे ज्याच्या त्याच्या सोयीने ठरे. अशाच एका बंदच्या दिवशी शेजाऱ्याने कामाला दांडी मारली आणि मराठीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. माझ्या नवऱ्याला मुकादमाने गाडी काढायला लावली. डिचोलीच्या अलीकडच्या वळणावर धुरळ्यातून दगड आले. त्यातला एक समोरची काच फोडून आत आला.

शेजारी त्याला बघायला इस्पितळात आला होता. नवऱ्याने विचारलं, तू तिथे होतास असं लोक म्हणतात, खरं का? तो म्हणाला, होतो. मग दगड कोणी मारला? तर म्हणाला, "ता माका इचारू नको." एवढं बोलून, आणलेली केळी ठेवून तो निघून गेला. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याला डोळ्यापेक्षा ते न सांगितलेलं नाव जास्त सलू लागलं.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटक राज्य झालं, लोकांनी फटाके लावले, आणि आमच्या घरी मात्र तो एकच दिवस चालू राहिला. गाडी चालवणं सुटलं होतं. तो घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या सिमेंटच्या बाकावर, काळा चष्मा लावून बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचा अवकाश, गोष्ट सुरू. सकाळी पंक्चर काढलं तिथपासून सुरुवात, वळण आलं की आवाज खाली, आणि काच फुटते तिथे चष्मा काढायचा. बाया 'सायबा!' म्हणून तोंडाला पदर लावत. पूर्वी त्याला चारचौघात बोलता येत नव्हतं. दगडाने त्याला वक्ता केलं, असं मी एकदा चिडून म्हणाले आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आमच्या त्या वेळच्या पाद्रींनी तर प्रवचनात त्याच्याकडे हात करून सांगितलं, की या भावाने क्रिस्तासारखं सोसलं. माणूस चांगला होता, मनापासून बोलला. पण ते ऐकून माझा नवरा बाकावर असा ताठ बसला, की मला त्याच क्षणी कळलं, आता हा काही लवकर बरा होत नाही.

मलाही त्या काळात लागलं होतं. चर्चच्या दारात ओळखीच्या बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या, ही मराठीवाली. शाळेत मुख्याध्यापक खुर्ची मागे सरकवून विचारायचे, काय बाई, तुमचे लोक आता काय करणार? माझे लोक कोण हे मलाही कोणीतरी सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात दुःखी माणसाची खुर्ची एकच होती आणि ती भरलेली होती. शिवाय काजूला राखण लागते, मुलांना डबा लागतो. मी दुखणं शाळेच्या वाटेवर काढायची आणि घर दिसलं की आवरायची.

आता सायबिणीचं सांगते, कारण गोष्ट खरी तिथेच अडली होती. पावसाळा सरला की आमच्याकडे सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे मारीया मातेची लहान मूर्ती, काचेच्या पेटीत. एका घरी एक दिवस तिचा मुक्काम. संध्याकाळी सगळे जमून लादाईन, म्हणजे तिच्या नावांची प्रार्थनामाला, म्हणतात, दोन आवाजांत गातात, मग उकडलेले चणे वाटतात. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या कर्त्याने पेटी स्वतःच्या हातात धरून पुढच्या घरी पोचवायची. दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही, अशी रीत. त्यामुळे भांडलेल्या शेजाऱ्यांना वर्षातून एकदा तरी एकमेकांच्या दारात जावंच लागतं.

आमच्या शेजारणीने लग्न होऊन आली त्या वर्षीच सायबीण मागून घेतली होती. हिंदूंच्या घरी कशी न्यावी, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. ती अंगण सारवायची, रांगोळी घालायची, समई लावायची आणि पेटीला झेंडूची माळ घालायची. आमची म्हातारी माणसं तिच्या ओटीवर बसून लादाईन गायची आणि चण्यात तिने घातलेल्या गूळखोबऱ्याचं कौतुक करत घरी जायची.

डोळा गेल्यानंतर नवऱ्याने ते घर गाळलं. पेटी घेऊन तो तिच्या दारावरून सरळ पुढच्या ख्रिस्ती घरी जायचा, आणि नेमका तिथून जाताना आवाज चढवायचा. ती दरवर्षी अंगण सारवून, समई लावून उभी असायची. मिरवणूक पुढे गेली की हात जोडायची आणि आत जायची. मला तिच्याकडे बघवत नसे. इतर कोणी त्याला बोललं नाही, कारण डोळा त्याचा गेला होता. गेलेल्या डोळ्यासमोर बोलणार कोण?

मी बोलले. एकदा पेज वाढताना म्हणाले, "पाद्री म्हणाले ना, तू क्रिस्तासारखं सोसलंस? मग तो क्रुसावर काय करत होता ते बघ. आईला पुढे कोण सांभाळणार ते बघत होता. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला धीर देत होता. खिळे कोणी मारले त्याचं नाव विचारत नव्हता."

"तो देव आशिल्लो," नवरा म्हणाला.

"घसा सुकलेला माणूस होता. पाणी मागत होता."

"शाळेंत शिकय तुजे धडे," असं म्हणून त्याने ताट सरकवलं. अर्धी पेज तशीच राहिली.

मग शेजारी आजारी पडला. खाणीची धूळ छातीत बसली होती, असं डॉक्टर म्हणाले. बघता बघता माणूस वाळला. खोकला सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि नवरा उठून रेडिओ लावायचा. पावसाळा सरता सरता शेजारीण माझ्याकडे आली. विहिरीवर घागर ठेवून तशीच उभी राहिली.

"बाई, औंदा तरी सायबीण येतली काय आमच्याकडे? फुडल्या वर्षाचा काय सांगूचा नाय."

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "पयलीं ताका नांव सांगूं दी. मागीर हाडटां."

आजारी माणसाशी असा सौदा करायचा, तोही देवाच्या आईला मधे घालून, याची मला लाज वाटली. पण निरोप मीच नेला. शेजारीण आत जाऊन आली आणि म्हणाली, "सांगतत म्हणतत. येवंदेत." घरी येऊन मी ते सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मला आठवतो. तो सायबिणीसाठी नव्हता.

ठरल्या दिवशी संध्याकाळी तो पेटी घेऊन निघाला. वाड्यावरची सगळी मागे. या वेळी तो शेजाऱ्याच्या दारात वळला तेव्हा पुढचं गाणं आपोआप मंद झालं. अंगण सारवलेलं होतं. आत पाटावर नवीन कापड अंथरलं होतं. त्याने पेटी ठेवली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि लादाईन सुरू व्हायच्या आधीच खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"सांग."

शेजाऱ्याला उशांना टेकवून बसवलं होतं. श्वास गोळा करायला त्याला वेळ लागला. ओटीवरची माणसं दाराशी सरकली.

"धोंडे सगळ्यांनी मारले, पात्रांव. मी पण मारलंय. धुरळ्यात गाडी कोणाची ता दिसत नव्हता. कोणाचो लागलो ता माका म्हायत नाय. माझोच आसात."

"मागीर तेन्ना कित्याक सांगलें ना?"

"आधी पोलिसांचा भ्या. मगे तुझ्या तोंडाकडे बघूक होयना."

 इतकी वर्षं माझ्या नवऱ्याने एक माणूस मनात धरून ठेवला होता. कधी तो डिचोलीचा असायचा, कधी अमक्याचा पुतण्या, पण होता कोणीतरी एक, आणि समोरचा हा फक्त त्याला लपवणारा होता. आता तो एक उरलाच नाही. घोळका होता, आणि त्यात हा होता. मला वाटलं, आता हा पेटी उचलणार आणि चालू लागणार. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. माझ्यात त्याला अडवायचीही ताकद उरली नव्हती.

कोणीतरी म्हाताऱ्याने घसा साफ करून लादाईन सुरू केली. नवरा दुसरा आवाज लावायचा, तो त्या दिवशी लागला नाही. तो खाटेपाशी नुसता उभा होता. मधेच शेजाऱ्याला खोकल्याची उबळ आली आणि तो उशांवरून घसरून एका अंगावर कलंडला. बायको दूर समईपाशी होती. सगळ्यांत जवळ माझा नवरा. त्याने वाकून त्याच्या काखेत हात घातले, वर ओढून बसवलं आणि पाठ चोळत राहिला. क्षमा वगैरे काही त्यात नव्हतं. माणूस पडत होता आणि हा जवळ होता. पण मी नीट पाहिलं, खोकला थांबल्यावरही त्याने हात लगेच काढला नाही.

परत येताना वाटेत तो म्हणाला, "आतां हांवें माफ कोणाक करचें?"

तो खरंच विचारत होता. आवाजात राग नव्हता, हरवल्यासारखं काहीतरी होतं. पण मला इतक्या वर्षांचा शीण एकदम वर आला. शाळा, काजू, चहा, चर्चच्या दारातल्या त्या बाया, सगळं.

"कोणाकच करूं नाका," मी म्हणाले. "ताका खोकल्यान जेवण वचना. फाल्यां पेज व्हरून दी."

मी रागाने बोलले होते. तो खरंच जाईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी डबा भरून ठेवला, तर तो काही न बोलता उचलून गेला. दुसऱ्या दिवशी डबा भरलाय का, असं त्यानेच विचारलं. शेजारीण अंगाने बारीक, तिला एकटीला नवऱ्याला उचलता येत नसे. मग न्हाऊ घालायलाही हाच जाऊ लागला. बाल्कांवातली जागा रिकामी राहू लागली. पाहुणे यायचे, वाट बघायचे आणि चहा घेऊन जायचे. दोघे आत काय बोलत होते मला माहीत नाही. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा काहीच बोलत नव्हते. हा चमच्याने पेज भरवत होता आणि तो डोळे मिटून गिळत होता.

नाताळाच्या आधी शेजारी गेला. मयताला गाव जमला होता. तिरडी बांधत होते तेव्हा आमच्या चर्चमधला एक जण, जुनी गोष्ट पुष्कळदा ऐकलेला, माझ्या नवऱ्याजवळ आला. शेवटी तरी त्याने तुझी माफी मागितली का, असं त्याने हळूच विचारलं.

नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं. हा काय विचारतोय ते त्याला पटकन कळलंच नाही.

"वेळ खंय मेळ्ळो?" तो म्हणाला. "सकाळीं न्हाणोवपाचो, दनपारां पेज, सांजे परत कूस परतुपाची."